तुम्ही विचारलंत म्हणून: सोपी वाट कोणती, हे मी का सांगत नाही

"मॅडम, अंबाझरीच्या जंगलात नवीन माणसाला सोपी वाट कोणती?" नागपुरात रविवारी सकाळी या जंगलापाशी सायकल उतरवायला घेतली की हा प्रश्न आलाच. मी म्हणते, "आधी पायी जाऊन बघून या." लोकांना हा शिष्टपणा वाटतो. परवा एक गृहस्थ तोंडावर म्हणाले, "तुम्हाला वाटा आपल्यापुरत्याच ठेवायच्या आहेत." ते लागलं. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

वाटा लपवायच्या असत्या तर आधी मी एवढं बोललेच नसते. पूर्वी मी स्वतःहून सांगायचे. ही हिरवी, ती निळी, तिकडे मुरमाच्या उताराला जाऊ नका, तो काळा. हे रंग मूळचे बर्फावरच्या स्कीइंगचे. आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग असोसिएशनने ते सायकलच्या वाटांना लावले. हिरवं वर्तुळ म्हणजे सोपी वाट, सरासरी चढ ५ टक्क्यांपर्यंत आणि टाळता न येणारा अडथळा २ इंचांपर्यंत. निळा चौकोन म्हणजे १० टक्के आणि ८ इंच. त्यापुढे पत्त्यांतल्यासारखी काळी चौकट, म्हणजे अवघड. हे सगळं मला पाठ होतं आणि तेवढ्यावर मी आपल्या वाटांना मनातल्या मनात रंग देऊन मोकळी झाले होते.

त्या मोजमापात हिरव्या वाटेची जमीन घट्ट आणि स्थिर हवी, असंही म्हटलंय. आपल्याकडे ती किती महिने तशी असते? जुलैत काळी माती चाकाला अशी लपेटते की ते धरणाऱ्या फोर्कच्या दांड्यांत गच्च भरून चाक फिरेनासं होतं. पाऊस गेला की तीच माती वाळते. गुरांचे खूर, आधी गेलेल्यांची चाकोरी, सगळं होतं तसं कडक होऊन बसतं. पुढचं चाक त्या चाकोरीत शिरलं की हँडल आपलं राहत नाही. एप्रिल-मे मध्ये मुरूम सुटतो. खाली टणक जमीन, वर मोकळे खडे, जमिनीवर सांडलेल्या ज्वारीवर पाय पडावा तसं चाक सरकतं. वाट एकच, पण वर्षातून तीनदा बदलते. हे मला तेव्हाही दिसत होतं. तरी मी "सोपी" म्हणत होते.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकरांना सांगायला नको. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, अंबाझरी लेआउट, डागा लेआउटच्या घरांत पाणी. त्या वर्षी दिवाळीच्या सुटीत माझा भाचा आला होता. सतरा वर्षांचा, घरची जुनी रबरी ब्रेकची सायकल शाळेपर्यंत चालवणारा. मी त्याला माझी सायकल दिली आणि स्वतः दुसरी घेतली. माळावरून खाली उतरणाऱ्या वाटेच्या तोंडाशी तो थांबला.

"मावशी, सोपी आहे नं?"

"सोपीच आहे. चल तू पुढे."

त्या वाटेवर मी जूनमध्ये गेले होते. त्यानंतर नाही. पावसाळाभर पाणी तिच्यावरून वाहिलं असणार, हे त्या क्षणी डोक्यात आलंच नाही. वळणापलीकडे पाण्याने वाट आडवी कापली होती, हातभर रुंद, गुडघ्याएवढी खोल ओघळ, कडेला वाळकं गवत. मला त्याची पाठ दिसत होती. ओघळ दिसताच त्याने सवयीप्रमाणे उजव्या हाताने पूर्ण जोर लावून ब्रेक दाबला. रबरी ब्रेकला तेवढा जोर लागतो. माझ्या सायकलला डिस्क ब्रेक, एका बोटाने लागणारे, आणि उजवा म्हणजे पुढचा. पुढचं चाक जागच्या जागी थांबलं, मागचं उचललं गेलं आणि तो हँडलवरून पलीकडे, खांद्यावर पडला. सीट मी माझ्या उंचीचीच ठेवली होती. उतारावर सीट खाली करायची, अंग मागे न्यायचं, हे मी प्रत्येक नवख्याला सांगते. त्याला सांगितलं नव्हतं, कारण वाट सोपी होती.

हेल्मेटवर ओरखडासुद्धा नव्हता. तो उठून बसला, डाव्या हाताने उजवा हात छातीशी धरून. गळ्याखाली कातडीच्या आत हाड वर आलेलं दिसत होतं, कुणी आतून बोट लावावं तसं. मी ओढणीची झोळी केली. सायकली तिथेच टाकून आम्ही चालत निघालो. वाटेत तो एकदाच बोलला, "मावशी, तू तं सोपी म्हणाली होती." रागाने नव्हे. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं.

सहा आठवडे हात झोळीत राहिला. हाड जुळलं. तो वेगवान गोलंदाजी करायचा, ती सुटली. तो म्हणतो, बारावीमुळे सुटली. मी यावर विश्वास ठेवायचा प्रयत्न करते.

आणि जे आजवर कुणाला सांगितलं नाही तेही सांगते. दवाखान्याच्या बाकावर ताईने विचारलं, "काहून गं, तू सोबत होती नं?" तेव्हा मी म्हटलं, "हळू चालव म्हटलं होतं मी त्याला." म्हटलं नव्हतं. भाचा शेजारीच बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

तुम्ही म्हणाल, एका चुकीसाठी सगळ्यांना काय शिक्षा? मीही स्वतःला हेच विचारते. पूर्वीची मी असते तर म्हणाले असते, अगं, नवख्या माणसाला कुणीच काही सांगितलं नाही तर तो जास्त पडेल. तिचं चुकतं असंही मला वाटत नाही. माझ्या शब्दावर किती तरी जण पहिल्यांदा जंगलात आले, त्यातले काही आजही येतात. त्यांच्यातलं कुणीच पडलं नाही. पण त्या वेळी ती वाट खरंच सोपी होती की तो योगायोग होता, हे मला आता ठरवता येत नाही. ब्रेक कसा दाबायचा, सीट किती खाली, टायरमध्ये हवा किती, हे विचारा, मी तासभर सांगेन. चार दिवसांपूर्वी वाट कशी होती, हेही सांगेन. "सोपी" हा शब्द मात्र तोंडातून निघत नाही.

गेल्या रविवारी एक बाप आपल्या दहा वर्षांच्या मुलीला घेऊन आला. तोच प्रश्न. मी तेच उत्तर दिलं. ते वैतागून निघून गेले, आणि गेले ते नेमके त्याच उताराच्या बाजूला. मी मागून हाक मारली, ती त्यांच्यापर्यंत पोचली नाही. मी सायकल काढलीच नाही, गेटपाशी थांबून राहिले. पाऊण तासाने दोघं परत आले. मुलीच्या पिंढऱ्यांवर धूळ, केसांत गवताचे कुसळ.

"कशी होती गं वाट?" मी विचारलं.

"सोपीच तं होती," ती म्हणाली.