१९३१ ची शेवरोले ते हॉट रॉड: चेसी सरळ, सांगाडा उभा

चेसी, म्हणजे गाडीची खालची लोखंडी चौकट, एकदाची गुण्यात (काटकोनात) आली. पहिली सर पडायच्या आत एवढं तरी उरकायचंच होतं, कारण जूनमध्ये भांडुपच्या आमच्या गाळ्यात उघडा पत्रा ठेवणं म्हणजे गंजाला आपणच पाट मांडून बसवणं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. हॉट रॉड म्हणजे जुनी गाडी कापून, दमदार इंजिन टाकून पळवायला केलेली गाडी. गाडी १९३१ ची शेवरोले, टूरर, म्हणजे वर कापडी टप. रायगडातल्या एका वाडीत गोठ्यामागे पडून होती. इंजिन, गिअरबॉक्स, सीट, नंबरप्लेट, कागद, सगळंच गेलेलं. हाती लागलं ते चेसी, पुढचा ॲक्सल, काऊल (बॉनेट आणि पुढच्या काचेमधला भाग), अर्धेमुर्धे दरवाजे, रेडिएटरचं कवच आणि मागचा चाळण झालेला पत्रा. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ मध्ये सुरू झाला. परदेशातून सुटे भाग यायचे आणि इथे गाड्या जोडल्या जायच्या. ही त्यातलीच असणार. म्हणजे शिवडीहून निघालेलं पोर एवढी वर्षं कोकणात काढून भांडुपला परतलं.

मागच्या वेळी काहींनी विचारलं, की जुनी गाडी कापायला हात कसा धजावतो? रास्त प्रश्न आहे. माझं मत स्पष्ट आहे: जी गाडी मूळ रूपात उभी राहू शकते तिला करवत लावू नये. कुणाकडे इंजिनासकट अख्खी शेवरोले असेल तर त्याने रिस्टोअरच करावी. इथे मूळ म्हणून जपावं असं पाव गाडीएवढंच शिल्लक आहे. ही एक तर भंगारात जाणार होती, नाही तर हॉट रॉड होणार होती. कॅलिफोर्नियातल्या पोरांनी १९३० आणि ४० च्या दशकांत हेच केलं. टाकाऊ जुनी फोर्ड घ्यायची, मडगार्ड उतरवायचे, मोठं इंजिन टाकायचं आणि म्युरॉकच्या कोरड्या तळ्यावर पळवायची.

ते फोर्ड का घ्यायचे आणि शेवरोलेच्या वाटेला कमी का जायचे, त्याचं एक कारण ही गाडी उघडल्यावर नीट कळतं. त्या काळच्या शेवरोलेची बॉडी बाहेरून पत्र्याची दिसते, पण आतला सांगाडा लाकडी. दरवाज्याचे खांब, खालच्या पट्ट्या, मागची कमान, सगळीकडे लाकूड आणि त्यावर खिळ्यांनी ठोकलेला पत्रा. फोर्डमध्ये लाकूड त्या मानाने कमी, म्हणून कापाकापीला सोपी. आमच्या गाडीत वाळवीने लाकूड आतून फस्त केलं होतं. काऊलजवळचा खांब दाबला तर भुसा गळला आणि पत्र्याला आतून मातीची वारुळी नक्षी तेवढी उरली. पत्रा गंजतो हे सगळ्यांना दिसतं. पण लाकूड गेलं की पत्र्याला धरायला काही उरत नाही, आणि मग चांगला पत्राही आकार सोडतो. अशी गाडी बघायला जाल तेव्हा रंग आणि भोकं नंतर बघा, आधी दरवाजा उघडून वर उचलून बघा. बिजागरीसकट खांब हलला तर लाकूड गेलं समजा.

रिस्टोरेशनवाले सागवानात नवा सांगाडा करून घेतात. काम देखणं होतं, पण चांगला सुतार आणि नमुन्याला जुना सांगाडा, दोन्ही लागतं. मी २५ मिमी चौकोनी पाइपात केला. हॉट रॉड म्हणून ही मोकळीक घेतली आणि तिचा फायदा असा, की बॉडी आता मूळपेक्षा ताठ आहे. पाइपाच्या आत गंज धरू नये म्हणून खाली निचऱ्याची भोकं ठेवली आहेत. रंगकाम संपलं की त्यांतूनच आत मेण फवारणार.

चेसीचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त जीव तिथे अडकला होता. लांब पट्ट्या दणकट निघाल्या. दगा दिला आडव्या पट्ट्यांच्या रिवेटांनी. दोन पत्र्यांच्या मधे गंज शिरला की तो फुगतो, कारण गंजाला मूळ लोखंडाच्या कैक पट जागा लागते. मागच्या आडव्या पट्टीत तो इतका फुगला होता, की दोन पत्र्यांच्या फटीत रुपयाचं नाणं उभं राहत होतं आणि रिवेटांची डोकी ताणून बशीसारखी झाली होती. वरून कितीही घासा, आतला गंज तसाच. म्हणून रिवेट ड्रिल करून काढले, पट्ट्या सुट्या केल्या, साफ करून प्रायमर मारला आणि हाय टेन्साइल बोल्टांनी परत जोडल्या. काही जण तिथे थेट वेल्डिंग करतात; मला ते पटत नाही, मधला गंज कोंडलेलाच राहतो.

माप घ्यायला लेझर-बिझर काही नाही. चारही कोपऱ्यांतून ओळंबा सोडला, कोब्यावर खडूने खुणा केल्या, चेसी बाजूला सरकवली आणि जमिनीवरच कर्ण मोजले. दोन्ही कर्ण सारखे येईपर्यंत जॅक आणि साखळीने ओढत राहिलो. हे सगळं झाल्यावरच लांब पट्ट्या ३ मिमी प्लेटने आतून बंद केल्या. आधी बंद केल्या असत्या तर वाकडेपणा कायमचा पक्का झाला असता.

गंज काढायला सँडब्लास्टिंग फक्त चेसीला. पातळ पत्र्यावर वाळूचा मारा जोरात झाला तर पत्रा ताणला जाऊन लाटा घेतो. ब्लास्टिंग झालं त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर. आपल्या हवेत रात्रभर उघडं लोखंड सकाळी पिवळं दिसतं. बिजागऱ्या, लॉक, कंस यांना इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे विजेने गंज सोडवणं. प्लास्टिकचं पिंप, पाण्यात धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरचं ऋण टोक गंजलेल्या भागाला आणि धन टोक साध्या लोखंडी सळ्यांना. उलट जोडलंत तर सळ्या राहतील आणि तुमचा भाग झिजेल. सळ्यांऐवजी स्टेनलेस वापरू नका, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात. हायड्रोजन निघतो, म्हणून शटर उघडं ठेवायचं आणि जवळ वेल्डिंग बंद. स्प्रिंगचे पाटे यात बुडवू नयेत, कडक पोलाद हायड्रोजनने ठिसूळ होतं. साखर कारखान्याच्या मळीच्या पाण्यानेही गंज छान सुटतो, पण आपल्याकडे मळीवर एक्साइजचं नियंत्रण; त्या भानगडीत पडलो नाही.

पत्र्याचं काम आमच्या डेंटरकाकांचं. २० गेजचा सीआरसी (कोल्ड रोल्ड) पत्रा, लांबलचक वेल्डिंग नाही, दूर दूर टाके घालत, मधे गार होऊ देत. पुट्टीचा डबा त्यांनी अजून उघडलेला नाही. पहिला दरवाजा बसला तेव्हा मी फटीत गेज घालून बघत होतो. ते म्हणाले, “साहेब, गेज ठेवा बाजूला. लावून बघा, दरवाजा स्वतःच सांगेल.” लावला. खट् असा एकच आवाज आला, मागून खळखळ नाही. दुसऱ्या बाजूचा अजून खळखळतोय.

‘गंज तसाच ठेव, वरून क्लिअर (पारदर्शक लेप) मार, रॅट रॉड कर’ हा सल्लाही आला. राजस्थानात असतो तर विचार केला असता. समुद्राच्या हवेत क्लिअरखाली गंज चालूच राहतो आणि मग क्लिअरचे पापुद्रे सुटतात. आपला रंग काळा, मॅट.

आता इंजिन. मूळ इंजिन सहा सिलेंडरचं, १९४ घन इंच, म्हणजे साधारण ३.२ लिटर, ५० अश्वशक्ती. मिळालंच तरी बॅबिटची (मऊ मिश्रधातूची) बेअरिंगं ओतून देणारा शोधा. म्हणून हिंदुस्तान मोटर्सच्या काँटेसाचं १८१७ सीसी इसुझू इंजिन, पाच गिअरच्या बॉक्ससकट, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून. ताकद दीडपटीहून जास्त, आणि चार सिलेंडरचं असल्याने लांबीला कमी, त्यामुळे बरंच मागे सरकवता येतं. शेवरोलेला मागे दोन्ही बाजूंना लांबीचे पाटे आहेत, फोर्डसारखा एकच आडवा पाटा नाही. त्यामुळे मूळचा टॉर्क ट्यूबवाला (नळीत बंद शाफ्ट असलेला) ॲक्सल गेल्यावर काँटेसाचा बसवायला पाट्यांच्या बैठका बदलल्या की काम भागतं. सळ्यांवर चालणारे मूळ ब्रेक जाणार, चारही चाकांना हायड्रॉलिक येणार. यात काटकसर नाही.

रस्त्यावर चालवणार का, याचं उत्तर नाही. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, पण गाडी मूळ रूपात असावी लागते. त्याआधी जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनीच्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही असं सांगितलंच आहे. ही ट्रेलरवरून प्रदर्शनाला जाईल आणि खाजगी आवारात पळेल. बिनकागदाच्या गाडीचे कागद ‘करून देतो’ म्हणणारे भेटतात. त्यांना चहा पाजा आणि निरोप द्या.

पुढचं काम इंजिनाच्या माउंटिंगचं, मग स्टिअरिंगचा दांडा एक्झॉस्टला न घासता कसा न्यायचा ते. हेडलाइटचा आडवा बार हवा आहे, १९३० किंवा ३१ चा. चोरबाजारात एक पाहिला, पण भाव ऐकून हात जोडले. कुणाकडे वाकलेला पडून असेल तरी चालेल, सरळ करून घेऊ.