निधी मागणाऱ्याचे नाव

अमेरिकेतील ‘इयरमार्क’ पद्धतीचा, म्हणजे केंद्रीय निधीतील ठरावीक रक्कम आपल्या मतदारसंघातील ठरावीक कामासाठी कायद्यातच नमूद करून घेण्याच्या पद्धतीचा विषय निघाला की अलास्कातील केचिकनच्या पुलाचा दाखला हमखास दिला जातो. जेमतेम पन्नास वस्तीच्या ग्रॅव्हिना बेटाला जोडणाऱ्या या पुलासाठी २००५ च्या महामार्ग विधेयकात सुमारे २२.३ कोटी डॉलर राखून ठेवले होते. त्या बेटावर केचिकनचा विमानतळ आहे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. अलास्कातील पुलांची रक्कम कतरिना वादळात मोडलेल्या न्यू ऑर्लीन्सजवळच्या पुलाकडे वळवावी, ही सिनेटर टॉम कोबर्न यांची सूचना ८२ विरुद्ध १५ मतांनी फेटाळली गेली, तेव्हा लोक संतापले, आणि तो संताप मला रास्त वाटतो.

तरीही २०११ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, ही पद्धत बंद केली, ते चुकले असे माझे ठाम मत आहे. खर्च थांबला नाही. कोणत्या गावाला किती द्यायचे हे ठरवण्याचे काम सरकारी खात्यांकडे गेले, आणि लोकप्रतिनिधी अधिकाऱ्यांना पत्रे लिहून व फोन करून आपापली कामे पुढे रेटू लागले. कायद्याला जोडलेली यादी नागरिकाला निदान वाचता येते, फोनवरचे बोलणे तो कोठे वाचणार? शिवाय अनुदानाचे अर्ज तयार करण्यासाठी वेगळी माणसे नेमणे मोठ्या शहरांना परवडते. मोजक्या कर्मचाऱ्यांवर चालणाऱ्या नगरपालिकेची गंजलेली जलवाहिनी तिच्या प्रतिनिधीने मांडली नाही, तर राजधानीत कोण मांडणार?

२०२१ मध्ये पद्धत परत आली ती अटी घेऊन. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांना यातून पैसा देता येत नाही. संरक्षण कंत्राटदारांकडून २४ लाख डॉलरची लाच घेतल्याची कबुली देऊन तुरुंगात गेलेले तत्कालीन काँग्रेस सदस्य रँडी कनिंगहॅम यांचे प्रकरण आठवले की ही अट का हवी ते कळते. प्रत्येक मागणी प्रतिनिधीच्या नावासह संकेतस्थळावर जाहीर करावी लागते, आणि त्यात आपला किंवा जोडीदाराचा आर्थिक हितसंबंध नाही, असे लेखी द्यावे लागते. माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट हीच: मागणाऱ्याचे नाव कागदावर येते.

एक दोष मात्र या अटींनी गेलेला नाही. आपल्याकडे १९९३ पासून सुरू असलेल्या खासदार निधीत प्रत्येक खासदाराला वर्षाला सारखेच, सध्या ५ कोटी रुपये मिळतात. तेथे विनियोजन समितीवर, म्हणजे सरकारी खर्चाचे वाटप ठरवणाऱ्या समितीवर, बसलेल्या ज्येष्ठांच्या मतदारसंघांकडे जास्त पैसा वळतो. ही विषमता दूर करण्यासाठी नियम बदलावेत, पद्धत मोडू नये. मार्च २०२५ मध्ये संमत झालेल्या उर्वरित वर्षाच्या खर्च विधेयकातून हे सर्व इयरमार्क वगळले गेले, तेव्हा सगळ्या अटी पाळून प्रस्ताव दिलेल्या गावांनाही हात हलवत परतावे लागले.