तुम्ही विचारलंत म्हणून: साधारण किती लागतील?

प्रश्न बहुतेक वेळा उभ्याउभ्याच येतो. लिफ्टमध्ये, कोणाच्या तरी लग्नात, नाहीतर "बरं, ठेवते" म्हटल्यानंतर फोनवर. "तुम्ही दरवर्षी कुठल्या ना कुठल्या किनाऱ्याला जाता ना? आम्हालाही जायचंय. फार मोठं ठिकाण नको, छोटंसं शहर. साधारण किती लागतील हो?"

पूर्वी मी एक आकडा सांगून मोकळी व्हायचे. मग दोन महिन्यांनी तीच व्यक्ती भेटायची आणि "तुम्ही सांगितलं त्याच्या दीडपट झाले" असं पडल्या चेहऱ्याने ऐकवायची. मला उगाच अपराधी वाटायचं. पेशाने मी हिशेब तपासणारी. घरच्या सुट्टीचीही वही ठेवते. नवरा तिला 'आरोपपत्र' म्हणतो. त्या वहीत सतरा सुट्ट्या आहेत, सगळ्या समुद्राकाठच्या. ती चाळता चाळता एक गोष्ट फार उशिरा लक्षात आली. मोठ्या शहरात पैसे मोहापायी जातात; छोट्या शहरात ते दुसरा इलाज नसतो म्हणून जातात. शेवटची बस गेली की गाडी करावीच लागते. दुपारी एकच खानावळ उघडी असेल तर तिथला भाव हाच भाव. म्हणून "तिथे स्वस्ताई असेल ना?" या प्रश्नाला मी हो म्हणत नाही. वस्तू स्वस्त असतीलही. अडणं महाग असतं.

आता कोणी विचारलं की मी उलट विचारते, तुमच्याकडे किती आहेत? लोकांना हे उद्धट वाटतं. पण "किती लागतील" याला टोक नाही. परत आल्यावरचा महिना, म्हणजे हप्ते, फी, औषधं, सगळं नेहमीसारखं पार पडलं पाहिजे. त्याला धक्का न लावता जी रक्कम उरते ती तुमची सुट्टी. मग त्या रकमेत कुठे आणि किती रात्री, हे बघायचं. बहुतेक लोक आधी खोली पसंत करतात आणि मग रक्कम ताणतात.

रात्री आणि दिवस यांचा घोळ तर विचारूच नका. 'चार रात्री, पाच दिवस' असं म्हणतात. पहिल्या दिवशी पोचायला संध्याकाळ होते, पाचव्या दिवशी सकाळी सामान बांधायचं असतं. हाती लागतात तीन दिवस. दोन रात्रींची सहल असेल तर हाती येतो फक्त एक. जाण्यायेण्याचा खर्च मात्र दोन्हीकडे तेवढाच. माझ्या मागच्या वहीत एकूण खर्चाला शंभर धरलं तर बत्तीस नुसते जाण्यायेण्याचे होते. याचा अर्थ सरळ आहे: वर्षातून दोनदा दोन-दोन रात्री जाण्यापेक्षा एकदा चार रात्री गेलं तर रात्री तेवढ्याच, प्रवासाचा खर्च निम्मा, आणि समुद्रापाशी अख्खे दिवस दोनाऐवजी तीन. खर्चाला रात्रींनी भागू नका, अख्ख्या दिवसांनी भागा. आकडा बघून घाम फुटेल, पण तो खरा आकडा असतो.

खोलीच्या बाबतीत मी स्वतः सपशेल तोंडावर पडलेली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. किनाऱ्यालगतची खोली शंभराला मिळत असेल, तर शहराबाहेर सात किलोमीटरवरची साठाला होती. मी विजयी मुद्रेने साठाची घेतली. खोली चांगली होती, मालक भला माणूस होता, तक्रार त्याच्याबद्दल नाहीच. पण बस संध्याकाळी सहाला बंद. सकाळी समुद्रावर जायचं, दुपारी ऊन चढलं की परतायचं, संध्याकाळी पुन्हा जायचं, रात्री जेवून परत. चार खेपा. प्रत्येक खेपेला त्याच हिशेबात बारा. चार बारे अठ्ठेचाळीस, अधिक साठ, झाले एकशे आठ. शिवाय दुसऱ्या दिवसापासून आम्ही संध्याकाळची खेप टाळायला लागलो. म्हणजे समुद्रासाठी आलेली माणसं समुद्राकडे पाठ करून खोलीत पत्ते खेळत बसली. त्या वहीत त्या पानावर नवऱ्याने पेन्सिलीने लिहिलंय, "चाळीस वाचवले!" उद्गारचिन्हासकट.

तेव्हापासून खोलीचं भाडं मी एकटं वाचतच नाही. भाडं अधिक रोजच्या खेपा, हा एकच आकडा. पायी जाता येईल अशी साधी खोली बहुतेक वेळा जिंकते. सोबत आई असल्याने 'पायी' म्हणजे तिच्या पायांनी, चढ-उतार धरून. नकाशावर आठशे मीटर दिसणारं अंतर टेकडीवर असू शकतं, आणि किनाऱ्यावरची शहरं बऱ्याचदा टेकड्यांवर चढलेली असतात.

समुद्र दिसणारी खोली घ्यावी का, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. माझं म्हणणं असं की दिवसभर आपण समुद्रावरच असतो आणि रात्री खिडकीतून नुसता काळोख दिसतो, त्याचे जास्त पैसे कशाला? नवरा म्हणतो, रात्री तो ऐकू येतो. एका वर्षी शेवटची एकच रात्र तशी खोली घेतली. पहाटे चारला जाग आली तेव्हा मी बराच वेळ पडून ऐकत होते. त्याला हे अजून सांगितलेलं नाही. तुम्ही मात्र शेवटची एकच रात्र घ्या, एवढं नक्की सांगते.

कधी जायचं हा प्रश्न लोक सुट्ट्यांच्या यादीवरून सोडवतात आणि तिथेच फसतात. रिकामी खोली ही नाशवंत मालासारखी असते. आजची रात्र विकली गेली नाही तर ती उद्या विकता येत नाही. विमान कंपन्यांना हे आधी उमगलं. अमेरिकेत १९७८मध्ये विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठवण्याचा कायदा झाला, त्यानंतर मागणी बघून एकाच आसनाचे वेगवेगळे भाव लावण्याचं तंत्र वाढलं, आणि आज चार खोल्यांचं घर चालवणारा माणूसही मोबाइलवर तेच करतो. छोट्या शहरात खोल्याच मोजक्या. त्यामुळे जोडून सुट्टी आली की भाव नुसता वाढत नाही, उडी मारतो. तोच भाव मंगळवारी जमिनीवर असतो. रजा टाकावी लागली तरी मी सोमवार ते शुक्रवार जाते.

हंगामाबद्दल एक गोष्ट फार कमी लोक वापरतात. पाणी हळू तापतं आणि हळू निवतं; तेवढ्याच वजनाच्या वाळूपेक्षा त्याला तापायला जवळपास पाचपट उष्णता लागते. त्यामुळे उष्ण कटिबंधाबाहेरच्या किनाऱ्यांवर वर्षातला सर्वांत मोठा दिवस उलटल्यावर साधारण दोन महिन्यांनी समुद्र सर्वांत उबदार असतो. तोवर शाळा सुरू होण्याच्या बेतात असतात, किंवा झालेल्या असतात. गर्दी जाते, भाव उतरतात आणि पाणी तसंच कोमट राहतं. शाळकरी मुलं असतील त्यांना याचा उपयोग नाही, कबूल. पण निवृत्त जोडपी भर गर्दीत जाऊन दुप्पट भाडं भरतात तेव्हा माझा जीव तुटतो. विषुववृत्ताजवळच्या किनाऱ्यांचं गणित वेगळं. तिथे पाणी बाराही महिने उबदार, भाव ठरवतात पाऊस आणि वारा. तिथे ऐन पावसाळ्यातला स्वस्त भाव बघून हुरळू नका. होड्या बंद, निम्मी हॉटेलं बंद, आणि आपण ओल्या टॉवेलांसकट खोलीत.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक फुकट मिळतं आणि तरी कोणी बघत नाही. आम्हीही बघितलं नव्हतं. एका ठिकाणी ओहोटीला वाट उघडी पडायची आणि समोरच्या बेटावर चालत जाता यायचं. शेजारच्या खोलीतलं कुटुंब नऊ वाजता चालत जाऊन आलं होतं. आम्ही दोन दिवसांनी बरोबर नऊला पोचलो, तर वाटेवर मांडीभर पाणी. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणजे दोन दिवसांत दीड तासापेक्षा जास्त, हे शाळेत शिकलेलं त्या क्षणी आठवलं. होडीवाला तयारच होता. चौघांचे जाण्यायेण्याचे पैसे मोजले, बेटावर गेलो, अकराला परत निघालो तेव्हा होडीच्या बाजूने लोक चपला हातात घेऊन आरामात चालत येत होते. आईने त्यांच्याकडे हात हलवला. मी हलवला नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण असतं, तेव्हा ओहोटीला पाणी जास्त लांब जातं आणि भरतीला जास्त वर येतं. अशा वाटांवरून चालायचं असेल तर परतीची वेळ आधी ठरवून जा. ही बचत पैशांपेक्षा मोठी आहे.

आता एका गोष्टीबद्दल, जी मी अजून सांगितली नाही: एकूण रकमेचा पाचवा हिस्सा मी आधीच बाजूला ठेवते. १९७९मध्ये डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी मांडलं होतं की आपण आपल्याच बेताचा अंदाज नेहमी आशावादी लावतो, कारण आपण बेताकडे बघतो, पूर्वी असे बेत कसे पार पडले याकडे बघत नाही. हे वाचलं तेव्हा मी वही काढली आणि प्रत्येक सुट्टीचा आधीचा अंदाज व नंतरचा खर्च शेजारी-शेजारी मांडला. एकदाही अंदाज पुरला नव्हता. साधारण पाचव्या हिश्श्याने तो ओलांडला जायचा. हिशेब तपासणाऱ्या बाईचा! म्हणून आता एकूण रकमेचे चारच भाग मी वाटते. पाचवा लपवते, स्वतःपासूनसुद्धा.

जातो कुठे हा पाचवा भाग? गाडी लावायचे पैसे, वाळूवरची खुर्ची, खाऱ्या पाण्यातून आल्यावर अंघोळीचे वेगळे, दमट हवेत कपडे वाळत नाहीत म्हणून धुलाईचे, आणि विसरलेल्या वस्तूंचे. किनाऱ्यावरच्या दुकानात टोपी, चप्पल आणि उन्हाचं मलम एवढंच महाग असतं, कारण येणारा तेवढंच विसरून आलेला असतो. मासळीच्या पाटीवर आकड्याऐवजी 'बाजारभावाप्रमाणे' असं लिहिलेलं असेल तर मागवण्याआधी वजन आणि भाव दोन्ही विचारा. लाज वाटते, मलाही वाटते, पण बिल बघितल्यावर जे वाटतं त्याहून कमी.

परदेशात जात असाल तर एकच सांगते. कार्ड ओढल्यावर यंत्र प्रेमाने विचारतं, "तुमच्या देशाच्या चलनात घेऊ का?" नाही म्हणा. तिथल्याच चलनात द्या. त्या प्रेमाचा दर तुमच्या बँकेपेक्षा बहुधा महागच निघतो. आणि देशात असा की परदेशात, छोट्या शहरात एक दिवस पुरेल एवढी रोकड खिशात हवी. गावात एटीएम दोन, त्यातलं एक बंद, दुसऱ्यातले पैसे जोडसुट्टीच्या पहिल्याच दुपारी संपलेले, हे दृश्य मी तीन वेगवेगळ्या किनाऱ्यांवर पाहिलंय.

बोटीने जायचं असेल तर परतीचा दिवस आणि ऑफिसचा दिवस यांच्यात एक दिवस मोकळा ठेवा. वारा वाढला की बोट सुटत नाही, आणि त्याबाबतीत वाद घालून उपयोग नसतो. आम्ही एकदा अडकलो. गावातली प्रत्येक खोली अडकलेल्यांनी भरली, भाव दुपारपर्यंत चढत गेले. विमा काढणार असाल तर तिकीट काढतानाच काढा. वादळाची बातमी आल्यावर काढलेला विमा त्या वादळासाठी सहसा चालत नाही.

परवा बहिणीच्या मुलीचा फोन आला. "मावशी, आम्ही पाच जण, त्यात सासूबाई आणि रांगणारं बाळ. किती लागतील?" मी माझे प्रश्न विचारले. तिने रक्कम सांगितली, मी त्यातला पाचवा हिस्सा काढला, प्रवास वजा केला आणि म्हटलं, सहा रात्री जमत नाहीयेत, चार घे, पण पायी अंतरावरची खोली घे, तळमजल्यावर. ती थोडी हिरमुसली. मग म्हणाली, "आणि तो पाचवा हिस्सा उरला तर?"

सतरा सुट्ट्यांत तो एकदाच उरला होता. त्याचीच ती शेवटच्या रात्रीची खोली घेतली होती.