सादळलेला कागद

पावसाळ्यात आमच्या वेंगुर्ल्यात पापड सादळतात, काड्यापेटी पेटत नाही, मिठाला पाणी सुटतं आणि कपाटातल्या साड्यांना तो ओळखीचा कुबट वास येतो. कुरकुर करणाऱ्यांत मीही असतेच. पण एका कामापुरती ही हवा मला मनापासून आवडते. जपानी पद्धतीने लाकडी ठशावरून चित्र छापायचं तर कोरडा कागद कामाचा नाही. आदल्या दिवशी त्यावर पाण्याचा ब्रश फिरवायचा, कागद एकावर एक रचून झाकून ठेवायचे, म्हणजे सकाळी ते ओलेही नसतात नि कोरडेही. सोलापूरचा माझा एक छपाईवेडा मित्र एप्रिलात खिडक्या लावून, खोलीत ओली चादर टांगून ही हवा तयार करतो. मला जुलैत काही करावं लागत नाही. आभाळ करतं.

लाकडाचं मात्र एवढं सोपं नाही. जपानी कारागीर डोंगरी चेरीचं लाकूड घेतात. घट्ट असतं, बारीक रेष धरून ठेवतं. ते कोकणात कुठलं? सागवान रुबाबदार, पण त्यात सिलिका असते, हत्याराची धार बघता बघता जाते. फणसाच्या लाकडापासून पिवळा रंग काढतात हे ठाऊक असल्याने त्यावर पाण्यातले रंग लावायचा मला धीर होत नाही. शेवटी मी शिवण नावाच्या झाडाच्या लाकडावर स्थिरावले. मऊ असते, फारशी वाकत नाही. सावंतवाडीच्या सुताराने फळी रंधून दिली आणि विचारलं, "ताई, पाट नको, चौरंग नको, मगे ह्या फळयेचा करतलात काय?" चित्र छापणार म्हटल्यावर त्याने फळी परत हातात घेतली, उजेडात तिरपी धरली आणि एका गाठीवर बोट ठेवून म्हणाला, "मगे ही नको." दुसरी दिली. त्याला छपाईतलं काही ठाऊक नव्हतं, लाकडातलं होतं.

मग खरं काम. चित्र पातळ कागदावर काढून ते फळीवर उलटं चिकटवायचं. जी रेष हवी ती सोडून बाकी सगळं कोरून काढायचं. समुद्रावर पाऊस दाखवायचा तर पावसाची एकेक रेघ उभी ठेवून दोन रेघांमधला सगळा समुद्र खणायचा. शिरेच्या दिशेने पटाशी लोण्यासारखी जाते. आडवी गेली की कपचा उडतो आणि होडीचं डोलकाठीसकट नाक जातं. सही करायची तर आपलंच नाव उलट्या देवनागरीत कोरायचं. सोबत फळीच्या कडेला दोन खाचा ठेवायच्या, एक कोपऱ्याची, एक सरळ. प्रत्येक रंगाची फळी वेगळी असते, आणि दर वेळी कागद या खाचांत टेकवला तरच रंग जागच्या जागी पडतात. पावसाळ्यात मात्र कागदासारखंच लाकूडही फुगतं. सकाळी जुळलेला निळा संध्याकाळी होडीच्या बाहेर सांडलेला दिसतो.

रंगात तांदळाची खळ घालतात. हे वाचलं तेव्हा मला हसूच आलं. गौरी येतात तेव्हा तांदळाच्या पिठात मूठ बुडवून उंबऱ्यापासून आतपर्यंत पावलं उठवायची, बोटाच्या टोकाने अंगठे द्यायचे, हे आमच्याकडच्या पोरीबाळींना कोणी शिकवावं लागत नाही. छपाई तीच, फक्त मुठीऐवजी लाकूड. कागदाच्या पाठीवरून घासायला जपानी लोक बांबूच्या सालीत गुंडाळलेली चकती वापरतात. मी वाढायच्या डावाची पाठ वापरते, आणि जेवायच्या वेळेला डाव शोधत सासूबाई माझ्याच खोलीत येतात.

होकुसाई या जपानी चित्रकाराची ती लाट सगळ्यांनी पाहिलेली असते, मगवर नाहीतर टी-शर्टवर. 1831च्या सुमाराचं चित्र, जेमतेम 25 बाय 37 सेंटिमीटर. लोक लाट बघतात, मागचा फुजी डोंगर शोधतात. आमच्या शेजारच्या, किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्या काकांनी आधी होड्या मोजल्या. तीन. मासळी झपाट्याने बाजारात पोचवणाऱ्या त्या होड्या, आत माणसं वल्ह्यांवर ओणवी. काका बराच वेळ बघून म्हणाले, "वायच दम धरूक व्हयो. सुटतले." होकुसाईने ती लाट फक्त काढली. कोरली दुसऱ्याने, छापली तिसऱ्याने. प्रकाशकाचं नाव निशिमुराया योहाची म्हणून नोंदलेलं आहे. लाटेच्या फेसाची ती नखं ज्याने कोरली त्याचं नाव मात्र चित्रावर नाही. हातात पटाशी धरणाऱ्या कोणालाही हे टोचावं. बरं, मूळ चित्र फळीवर चिकटवून कोरताना संपूनच जातं. म्हणजे आपण पाहतो ते सगळं त्या अनाम हाताचं.

आम्हा हौशी मंडळींत चित्रांची देवघेव चालते. जितके भिडू तितक्या प्रती काढायच्या, खाली पेन्सिलीने 3/20 असं लिहायचं, पोस्टाने पाठवायच्या. आणि शेजारी पाठवलेलं भांडं जसं रिकामं परत येत नाही, तसं प्रत्येकाकडून एकेक चित्र आपल्याला येतं. वीस प्रती एका दिवसात होत नाहीत, आणि ओला कागद चार दिवस राहिला की बुरशी धरतो. यावर जगभरचे छपाईवाले एकच उपाय करतात: कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फ्रीजमध्ये. आमच्या फ्रीजमध्ये सासूबाईंशी तह झालाय, वरचा कप्पा कागदांचा, खालचा बांगड्यांचा. गेल्या खेपेला पुण्याच्या एका बाईंनी कळवलं, चित्र छान आहे, समुद्राचा वाससुद्धा येतो. मी नुसतं थँक्यू म्हटलं.