दिंडीच्या शेपटाला

दिंडीत पुढे चालायला सगळ्यांनाच आवडतं. पुढे क्रूस असतो, पताका असतात, टाळ-ढोलकी असते, आणि फोटोही पुढच्यांचेच निघतात. शेपटाला कोण? पायाला फोड आलेले, दम लागलेले, रुसलेले आणि तंबाखू मळायला थांबलेले. या वर्षी ते शेपूट माझ्या वाट्याला आलं. निघायच्या आदल्या रात्री मास्तरांची मुलगी आली. त्यांची काठी आणि दोनशे पानी वही माझ्या हातात ठेवून म्हणाली, "बाबा मागंच चालायचे." बस, एवढंच.

आमची वस्ती वैजापूर तालुक्यात, गंगथडीला. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. दर सप्टेंबरात इथून हरेगावच्या मतमाउलीला, म्हणजे मरियामातेला, पायी दिंडी जाते. मरियामातेचा जन्मोत्सव ८ सप्टेंबरचा, त्याच्या आसपासच्या शनिवार-रविवारी यात्रा भरते. शेजारचे माळकरी तिला सरळ "तुमची वारी" म्हणतात. आता आम्हीही तेच म्हणायला लागलोय. माउली म्हणून हाक मारायची, अनवाणी चालायचं, वाटेत कुणाच्याही ओट्यावर पाणी मागायचं. मग दुसरं काय म्हणणार?

मास्तर ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात वारले. वय चौऱ्याऐंशी. हरेगावची यात्रा १९४९ साली सुरू झाली तेव्हा ते नऊ वर्षांचे होते, आणि पहिल्याच वर्षी बापाचं बोट धरून गेलो होतो असं सांगायचे. निजामाचं राज्य जाऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालेलं. गंगेच्या अलीकडे हाली पैसा, म्हणजे निजामाचं नाणं; पलीकडे कलदार, म्हणजे इंग्रजी रुपया. मेणबत्ती घ्यायला बापाने हाली मोडून कलदार करून घेतले आणि त्या व्यवहारात दुकानदाराने कसं बनवलं, हे ते दर वर्षी नदीवर आलं की नव्याने ऐकवत. फसवणुकीचा आकडा दर वर्षी थोडा वाढायचा.

जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षं नोकरी, आणि संध्याकाळी चर्चच्या ओट्यावर दुसरी शाळा, बिनपगारी. माझं गणित त्या ओट्यावरचं. पाटी सगळ्यांकडे नव्हती, पण जपमाळ प्रत्येक घरात खुंटीला होती. दहा मण्यांचे पाच गट, मध्ये एकेक सुटा मणी. मास्तर ती बोटांत धरायला लावायचे. एक गट सरकला की दहा, सुट्या मण्यावर थांबायचं, श्वास घ्यायचा, मग वीस. सुटा मणी कुणी मोजला की छडी. एकदा माळकऱ्याचा पोरगा तुळशीची माळ घेऊन आला. मास्तरांनी तीही चालवली: दहाचे दहा गट आणि वर आठ. आजही दुकानात हिशेब करताना माझा अंगठा तर्जनीवर आपोआप सरकतो.

फादर महिन्यातून एखाद्या रविवारी येणार. बाकीचे रविवार मास्तरांचे. वाचन, प्रार्थना, गाणी, पोरांना प्रथम ख्रिस्तप्रसादासाठी तयार करणं, मयताच्या घरी रात्रभर बसणं. लहानपणी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये होती, तिची उत्तरं अर्थ न कळता पाठ केलेली. पुढे व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर ती मराठीत आली. "पंचवीस वर्षं देवाशी बोललो आन् काय बोललो ते मलाच म्हाईत नव्हतं," असं म्हणून ते खो खो हसत.

गेल्यावर माणूस एकदम सरळ होतो. तसे मास्तर नव्हते. हट्टी होते. आठ आण्यांचा हिशेब जुळेना म्हणून त्यांनी एका फादरांशी चार महिने अबोला धरला होता.

पण तोच हट्ट माझ्या कामी आला. मी दहावी झालो तेव्हा एका कचेरीतल्या बाबूने शिष्यवृत्तीचा अर्ज फेकल्यासारखा परत केला. आजा महार, पण आम्ही ख्रिस्ती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीच्या सवलती आम्हाला नाहीत. महाराष्ट्रात आम्ही ओबीसीत येतो. हे त्या बाबूला सांगता येईना आणि मला ठाऊक नव्हतं. मास्तर तीन वेळा माझ्याबरोबर एसटीने गेले. तिसऱ्या खेपेला टेबलासमोर उभं राहून त्यांनी यादीतली ओळ बोट ठेवून वाचून दाखवली, पहिलीच्या पोराला वाचून दाखवावी तशी. दाखला मिळाला. परतीचं तिकीट मात्र माझ्याकडून घेतलं.

तर चालणं. बाजरी पोटऱ्यात, कपाशीला बोंडं, आणि आदल्या रात्री पाऊस झालेला. काळी माती चपलेला अशी धरते की प्रत्येक पाऊल अर्धा किलोचं. मी चपला ट्रॅक्टरमध्ये टाकल्या. दुपारी एका माळकऱ्याच्या वस्तीवर पिठलं-भाकरी आणि ठेचा. घरधन्याने विचारलं, "मास्तर नाय आले?" मी सांगितलं. तो काही बोलला नाही, आत जाऊन गुळाची ढेप आणून ट्रॅक्टरमध्ये ठेवली.

बाजाठाणाजवळ गंगा ओलांडली की कमालपूर, म्हणजे नगर जिल्हा. आता अहिल्यानगर. पुलावर सगळे थांबले. हाली-कलदारची गोष्ट सांगणारं कुणी नव्हतं. मी सुरू केली, आकडाही वाढवला, पण जमली नाही. पोरं हसली, माझ्याकडे बघून हसली.

शेपटाच्या माणसाचं खरं काम मोजणी. निघताना, मुक्कामाला, नदीवर आणि पोचल्यावर. मास्तर काठीने एकेकाकडे दाखवत मोजायचे आणि शेवटी काठीची मूठ स्वतःच्या छातीवर टेकवून वहीत आकडा लिहायचे. आम्हाला त्याचं हसू यायचं. या वर्षी निघताना त्यांच्या मुलीने मोजून वहीत लिहिलं होतं: एकसष्ट. मुक्कामावर आणि पुलावर मोजायचं मी टाळलं. पुढचे घाई करत होते, आणि काठी हातात धरून माणसं मोजायची लाजही वाटत होती.

हरेगावला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. मैदानावर लाखो माणसं, लाउडस्पीकरवर हरवलेल्या पोरांची नावं. मी आमच्या माणसांना एका खांबापाशी बसवलं आणि मोजलं. साठ.

पुन्हा मोजलं. साठ. पोटात गोळा आला. पोरं किती, बाया किती, ट्रॅक्टरवाला धरला का? अंगठा तर्जनीवर सरकत होता आणि दर वेळी त्याच आकड्यावर थांबत होता. पुढे धावत गेलो, नळापर्यंत जाऊन आलो, ओळखीचा चेहरा एक नाही. परत आलो तर घोंगडी पांघरून बसलेल्या आमच्या आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या.

"कोण ऱ्हायलं रं?"

"तेच कळंना, आत्या. एक कमी भरतंय."

त्यांनी हात पुढे करून माझ्याकडची काठी मागितली. मला वाटलं उठायला हवी असेल. त्यांनी बसल्या बसल्याच तिची मूठ माझ्या छातीला लावली.

"एकसष्ट."