आठशेच्या बॉनेटखाली एस्टीमचं इंजिन

होटगी रोडला आमचं गॅरेज आहे, मारुतीच्या जुन्या गाड्यांचं काम जास्त. 2023 च्या मे महिन्यात भर दुपारी एक पोरगा 98 ची मारुती 800 घेऊन आला, म्हणला मामा, गाडी लई गरम होतीय आणि पासिंग पण जवळ आलंय. आत शिरतानाच आवाजावरनं कळलं की हे तीन सिलेंडरचं नाही. बॉनेट उघडलं तर आत मारुतीच्याच मोठ्या एस्टीम गाडीचं चार सिलेंडरचं इंजिन, 1298 सीसी, सोळा व्हॉल्वचं एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल प्रेशरनं फवारणारं!

कार्बोरेटरवाल्या, म्हणजे पेट्रोल-हवा मिसळायची जुनी पद्धत असलेल्या 800 चं मूळ इंजिन 796 सीसीचं, 37 बीएचपी. एस्टीमचं हे 85. दुपटीच्या वर ताकद आणि गाडीचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, मग पळणारच की. आसरा चौकापर्यंत मी स्वतः चालवून आणली, सेकंडला जरा पाय दिला की स्टेअरिंग हातातनं एका बाजूला ओढत होतं. पण इंजिन खरंच झकास होतं, टॅपेटचा आवाज नाही, धूर नाही, पोराला त्याचं कौतुक होतं ते काय उगाच नव्हतं. काम दुसऱ्या गावाहून करून आणलेलं, पैसे पण बक्कळ दिलेले.

गरम का होतीय ते पाच मिनिटात कळलं. रेडिएटर 800 चाच ठेवलेला. इंजिन जेवढी ताकद चाकाला देतं साधारण तेवढीच उष्णता पाण्यात सोडतं, 37 च्या हिशोबाचा रेडिएटर 85 ला कसा पुरणार, आणि त्यात आपल्या सोलापूरचा मे. थंडीत कदाचित भागलं पण असेल.

मग गाडी रॅम्पवर घेतली आणि माझ्या पोटात गोळा आला. चार सिलेंडरचं इंजिन लांब, त्यामुळे गिअरबॉक्स सरकलेला आणि ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून चाक फिरवणारा दांडा, पुरेना, म्हणून शाफ्ट मधोमध कापून पाइप घालून वेल्डिंग मारलेलं. वेल्डिंगच्या कडेनं केसासारखी बारीक चीर, बोटानं कळत नव्हती पण टॉर्च तिरपा धरला की दिसत होती. हा शाफ्ट शंभरच्या स्पीडला तुटला असता तर काय झालं असतं ते मी लिहीत नाही.

त्याहून वाईट म्हणजे पेट्रोलचा पाइप. कार्बोरेटरला मेकॅनिकल पंप असतो, प्रेशर अगदी थोडं, पाव बारच्या आसपास. एमपीएफआयला अडीच-तीन बार लागतं. याच्यात इलेक्ट्रिक पंप टाकलेला पण पुढचा रबरी पाइप तोच जुना कार्बोरेटरचा, त्याला साधी क्लिप. क्लिपजवळ पाइप फुगलेला, बोट लावलं तर ओलं. आणि तिथनं वीतभर अंतरावर सायलेन्सरचा पाइप, दिवसभर तापलेला. मी तिथल्या तिथं बॅटरीची वायर काढली आणि पोराला म्हणलो, बाळा, ही गाडी आता इथनं चालवत जात नाही.

ब्रेक पण मूळचेच होते. ऐंशीवरनं गाडी थांबवायला ब्रेकवर जेवढा भार येतो त्याच्या जवळजवळ दुप्पट एकशेदहावरनं थांबवताना येतो, आणि ही गाडी एकशेदहाला सहज जात होती, खाली बारा इंची चाकं.

पोरगा म्हणला, मामा सगळं चांगलं टाका, रेडिएटर मोठा, शाफ्ट नवे, पैशाचं बघतो. मला मोह झाला नाही असं नाही, असं काम मनापासून करायला कुणाला आवडणार नाही. पण आरसीवर 796 सीसी आणि जुना इंजिन नंबर. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ माहितीत असा बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टानं जानेवारी 2019 मध्ये ते स्पष्टच सांगितलंय. पासिंगला इन्स्पेक्टर इंजिन नंबर बघणार. आणि उद्या अपघात झाला तर इन्शुरन्सवाले याच मुद्द्यावर हात वर करतील, समोरच्या माणसाचं मग काय?

संध्याकाळी त्याचे वडील आले, अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांचं टॉवेलचं युनिट आहे. गाडी त्यांनीच नवी घेतलेली. मी बोलायच्या आधीच त्यांनी विचारलं, जुनं इंजिन चालंल का ओ? घरी मागच्या शेडमध्ये चादरीत गुंडाळून ठेवलंय म्हणले. पोराला हे माहीतच नव्हतं, त्याला वाटलं भंगारात गेलं.

इंजिन आणलं, उघडलं, रिंगा बदलल्या, कार्बोरेटरला किट टाकलं, क्लच प्लेट नवी. खरा वेळ गेला तो एस्टीमचं इंजिन बसवायला मारलेल्या घरगुती पट्ट्या ग्राइंडरनं काढून मूळ जागा सरळ करण्यात, आणि चांगल्या अवस्थेतले जुने शाफ्ट शोधण्यात. पेट्रोलची लाइन मात्र टाकीपासून पुढं सगळी नवी टाकली, त्यात मी कुणाचं ऐकत नाही.

ट्रायलला तुळजापूरला नेली. घाटात सेकंडवर चढली, मागं ट्रक हॉर्न मारत होता, पण टेम्परेचरचा काटा निम्म्याच्या वर गेला नाही. पोरगा जाताना गप्प होता, येताना म्हणला स्टेअरिंग आता ओढत नाही मामा. पुढं पासिंग पण झालं.

एस्टीमचं ते इंजिन बार्शीच्या एकानं नेलं, त्याच्या एस्टीमचा ब्लॉक फुटलेला. खरेदीची पावती जोडून आरटीओची परवानगी घेतली, आरसीवर नवा नंबर चढवला, आणि आता ते त्याच्याच जातीच्या गाडीत पळतंय.