पेला, वेर्गिना, थेसालोनिकी: अलेक्झांडरवर वाद घालत केलेला प्रवास

अलेक्झांडरसाठी उत्तर ग्रीसला जाणार असाल तर ठिकाणांचा क्रम विचार करून ठरवा. बरेच जण थेसालोनिकीत उतरतात, समुद्रकाठच्या त्याच्या अश्वारूढ पुतळ्यासमोर फोटो काढतात आणि वेळ उरला तर वेर्गिनाला जातात. माझा सल्ला उलटा आहे. आधी पेला, मग वेर्गिना, आणि पुतळा सर्वांत शेवटी. पुतळा आधी पाहिला की मनात उत्तर तयार होतं आणि मग बाकी सगळं त्या उत्तराला जुळवून पाहिलं जातं.

आम्ही तिघं होतो. मी, माझे मामा आणि माझी कॉलेजात शिकणारी मुलगी. मामांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. अलेक्झांडरसारखा सेनानी पुन्हा झाला नाही, हे त्यांचं ठाम मत. मुलीला त्याच्या नावापुढचं ‘महान’च मान्य नाही. मुंबईच्या विमानतळावर सुरू झालेला त्यांचा वाद परत येईपर्यंत चालू होता, आणि त्या वादामुळेच मला ती ठिकाणं नीट दिसली.

मुक्काम थेसालोनिकीतच ठेवा. शेंगेन व्हिसा लागतो. अथेन्सहून इथलं अंतर साधारण पाचशे किलोमीटर, त्यामुळे अथेन्सच्या सहलीला हे जोडायचं तर किमान तीन दिवस वेगळे काढा. दूरच्या बसगाड्या शहराच्या पश्चिम टोकाच्या ‘माकेदोनिया’ स्थानकावरून सुटतात. पेलासाठी यानित्सा-एडेसाकडची बस घ्या, ती वाटेत सोडते. वेर्गिनासाठी आधी वेरिया आणि तिथून दुसरी बस. परतीच्या गाडीची वेळ वेरियाच्या स्थानकावरच विचारून घ्या, शनिवार-रविवारी तर नक्कीच. चौघं-पाच जण असाल तर गाडी भाड्याने घेणं सोयीचं, पण आंतरराष्ट्रीय वाहन परवाना भारतातूनच काढून न्या.

पेला थेसालोनिकीपासून चाळीस किलोमीटरवर. इसवी सनपूर्व 356 मध्ये अलेक्झांडर इथे जन्मला. आज ते सपाट शेतांमधलं उघडं मैदान आहे. सावली नाही, म्हणून उन्हाळ्यात सकाळीच जा, टोपी आणि पाणी घेऊन. त्या काळी इथून पाण्याच्या वाटेने समुद्र गाठता येई. नद्यांच्या गाळाने किनारा लांब गेला. रस्ते काटकोनात आखलेले, मधोमध प्रचंड मोठा बाजारचौक, आणि घरांच्या जमिनींवर नदीतल्या नैसर्गिक रंगाच्या गोट्यांची चित्रं. हरणाच्या शिकारीचं चित्र जागेवरच आहे आणि त्यावर ग्नोसिस या कारागिराने आपलं नाव घातलं आहे. सिंहाच्या शिकारीचं चित्र गावाजवळच्या संग्रहालयात आहे. संग्रहालय चुकवू नका, त्याच्याशिवाय नुसत्या पायाच्या दगडांवरून शहर डोळ्यांसमोर उभं राहत नाही.

मामांचा पहिला मुद्दा इथेच अडला. ही घरं, ही चित्रं अलेक्झांडरच्या बालपणीची नाहीत, त्याच्या मोहिमेनंतरची आहेत. आशियातून आलेल्या पैशाची श्रीमंती आहे ती. मुलगी लगेच म्हणाली, “मामाआजोबा, म्हणजे हे लुटीचं वैभव.” मामा म्हणाले, “त्या काळात कुठल्या राजधानीचं वैभव लुटीचं नव्हतं ते सांग.” दोघांचंही खरं आहे. पण मला पेलामध्ये जाणवला तो त्याचा बाप. पेलाला बळकट मॅसिडोनियन राज्याची राजधानी केली ती दुसऱ्या फिलिपने. पाच-सहा मीटर लांबीच्या सारिसा भाल्यांची पायदळाची फळी, निवडक घोडदळ, वेढ्याची यंत्रं, पॅन्जिऑन डोंगराकडच्या सोन्याच्या खाणी, इसवी सनपूर्व 338 मधला ग्रीक नगरराज्यांवरचा केरोनियाचा विजय, सगळी फिलिपची कमाई. इराणवर स्वारीची योजनाही त्याचीच. त्याचा खून झाला तेव्हा मॅसिडोनियाची पहिली तुकडी आशियात उतरलेली होती. विसाव्या वर्षी गादीवर आलेल्या मुलाला हे सगळं तयार मिळालं. मामांनी हे मान्य केलं, पण पुढे म्हणाले, “तयार सैन्य अनेकांना मिळतं रे. गॉगामेलाच्या लढाईत इराणच्या सम्राटाविरुद्ध ते असं कोण वापरतं?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

वेर्गिनाला पूर्ण दिवस द्या. हीच मॅसिडोनियन राजांची जुनी राजधानी ऐगाय. इथे तीन गोष्टी पाहायच्या: मोठ्या टेकाडाखालच्या राजसमाध्या, 2022 च्या अखेरीस उघडलेलं नवं संग्रहालय, आणि चढावर असलेला राजवाडा, जो सोळा वर्षांच्या डागडुजीनंतर जानेवारी 2024 मध्ये लोकांसाठी खुला झाला. तिकीट काढताना सगळ्या जागा एकाच तिकिटात येतात का ते विचारा. राजवाड्यापर्यंत चालत चढ आहे, गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी तो सकाळच्या गारव्यात आधी उरकावा आणि समाध्या दुपारी पाहाव्या. तिथे आत अंधार आणि गारवा असतो. आम्ही मामांसाठी तसंच केलं.

राजवाड्याच्या खालीच ते नाट्यगृह आहे. इसवी सनपूर्व 336 मध्ये स्वतःच्या मुलीच्या लग्नाच्या सोहळ्यात फिलिप इथे आला. मिरवणुकीत बारा देवांच्या मूर्तींबरोबर तेरावी मूर्ती त्याची स्वतःची होती. अंगरक्षकांना त्याने मागे ठेवलं आणि त्यांच्यातल्याच पॉसानियासने त्याला भोसकलं. कटात अलेक्झांडरची आई ऑलिम्पियास होती का, अलेक्झांडरला काही माहीत होतं का, यावर तेव्हापासून वाद आहे. आमच्यातही झाला. पुरावा नाही, एवढंच प्रामाणिकपणे म्हणता येतं.

समाध्यांचं उत्खनन 1977 मध्ये मानोलिस आंद्रोनिकोस यांनी केलं. दुसरी समाधी लुटली न गेलेली सापडली: सोळा किरणांच्या ताऱ्याची सोन्याची पेटी, ओकच्या पानांचा सोन्याचा मुकुट, हस्तिदंती कोरीव डोकी, आणि एकमेकांशी न जुळणारे पिंढऱ्यांचे चिलखती तुकडे. ते पाहून अनेकांना लंगडणारा फिलिप आठवतो. काही संशोधक मात्र ही समाधी अलेक्झांडरचा सावत्र भाऊ तिसरा फिलिप अर्हिडायस याची मानतात. फलकांवर फिलिप दुसरा असं ठामपणे लिहिलेलं दिसेल. वाद मिटलेला नाही, हे मनात ठेवून पाहा.

पण थांबायचं ते तिसऱ्या समाधीपाशी. लोक दुसऱ्या समाधीचं सोनं पाहून घाईने पुढे जातात. तिसरीत चांदीच्या घड्यात तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या अस्थी होत्या. बहुतेक अभ्यासकांच्या मते हा अलेक्झांडरचा मुलगा, चौथा अलेक्झांडर. बाप बॅबिलॉनमध्ये वारल्यावर जन्मलेला, आणि 310 च्या सुमारास आई रोक्साना हिच्यासह, मॅसिडोनियाची सत्ता बळकावलेल्या कासांदरने मारवलेला. आजी ऑलिम्पियास त्याआधीच, 316 मध्ये, संपवली गेली होती. अलेक्झांडरची बहीण क्लिओपात्रा हिचाही पुढे खून झाला. मोहिमेला निघताना मागे वारस ठेव असा सल्ला मिळूनही अलेक्झांडरने लग्न टाळलं. 334 मध्ये निघाला तो मॅसिडोनियाला पुन्हा आलाच नाही. त्याच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांत त्याचं घराणं पुसलं गेलं. रणांगणावर प्रत्येक शक्यता मोजणाऱ्या माणसाने आपल्या पश्चात काय, याचा विचारच केला नाही, आणि त्याची किंमत इतरांनी मोजली. माझ्या मते त्याच्यावरचा सर्वांत मोठा आरोप हाच आहे.

मुलीच्या यादीत आणखी बरंच होतं. 335 मध्ये थीब्ज हे ग्रीक शहर उद्ध्वस्त केलं, सहा हजार मारले, तीस हजार गुलाम म्हणून विकले, कवी पिंडारचं घर तेवढं राखलं. सात महिन्यांच्या वेढ्यानंतर भूमध्य किनाऱ्यावरच्या टायर शहरातल्या दोन हजार लोकांना क्रूसावर चढवलं. स्वात खोऱ्यातल्या मसागाजवळ भारतीय भाडोत्री सैनिकांना अभय देऊन कापून काढलं, ज्याला त्याचा चरित्रकार प्लूटार्कनेही कलंक म्हटलं. आपण शाळेत पोरसची गोष्ट शिकतो, राज्य परत मिळाल्याची, आणि मसागा शिकत नाही. झेलमच्या काठचा तो उदारपणा खरा आहे, पण फक्त तोच खरा नाही.

मामांचं उत्तर मला आवडलं. ते म्हणाले, त्याने नुसतं मोडलं नाही, वाटा उघडल्या. कंदाहारला अशोकाचा लेख ग्रीक आणि अरमाइक भाषेत सापडला. आपल्या कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकटच्या यवनांनी (तेव्हा ग्रीकांना यवन किंवा योनक म्हणत) खांब दान दिले आहेत, आणि नाशिकच्या पांडवलेण्यांत एक लेणं इंद्राग्निदत्त नावाच्या योनकाने कोरवलं. हे खरंच आहे. पण त्या वाटांवर राज्यं उभी केली ती त्याचे सेनापती सेल्युकस आणि टॉलेमी यांनी आणि बॅक्ट्रियाच्या, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानाकडच्या ग्रीकांनी. अलेक्झांड्रियाचं ग्रंथालयही टॉलेमींचं. इराणमधल्या सुसा इथे त्याने सेनापतींची सामूहिक लग्नं लावली, त्यातल्या इराणी बायका बहुतेकांनी त्याच्यानंतर सोडून दिल्या. सेल्युकसने आपली बायको अपामा हिला सोडलं नाही, आणि सर्वांत मोठं राज्य त्याच्याच वाट्याला आलं.

मग थेसालोनिकीत पुतळा पाहा. शहराला नावही अलेक्झांडरच्या सावत्र बहिणीचं, आणि ते दिलं तिचा नवरा कासांदरने, त्याच कासांदरने. पुतळ्याजवळ संध्याकाळी मुलं स्केटिंग करतात, लोक फिरायला येतात. गप्पा मारा, पण शेजारच्या देशाला नुसतं ‘मॅसिडोनिया’ म्हणू नका. ग्रीसशी झालेल्या प्रेस्पा करारानंतर 2019 पासून त्याचं नाव उत्तर मॅसिडोनिया आहे, आणि इथल्या लोकांना हा विषय मनापासून लागतो. वेर्गिनाच्या पेटीवरचा तो तारा त्या देशाच्या ध्वजावर 1992 ते 1995 होता, त्यावरूनही मोठा तणाव झाला होता. पुतळ्यापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर पुरातत्त्व संग्रहालय आहे, तिथला देर्वेनीचा कांस्य कलश जरूर बघा.

शाकाहाऱ्यांची सोय होते. सकाळी तीळ लावलेलं कुलुरी किंवा क्रीमची बुगात्सा, जेवायला गिगांतेस म्हणजे टोमॅटोत भाजलेला मोठा पांढरा घेवडा, पालकाची स्पानाकोपिता. ‘निस्तीसिमो’ म्हणजे उपासाचं, त्यात मांस, अंडी, दूध नसतं. मात्र कोळंबी-कालवं असू शकतात, तेवढं विचारा.

एखादी दुपार उरली तर नाउसाजवळच्या मिएझाला जा. 343 मध्ये अॅरिस्टॉटलला अलेक्झांडरला शिकवायला तिथे बोलावलं होतं. आणि निघण्यापूर्वी त्याच्या मोहिमांचा इतिहास लिहिणारा एरियन आणि प्लूटार्क दोघेही वाचा. दोघं चारशेहून अधिक वर्षांनंतरचे, आणि एरियनचा मुख्य आधार टॉलेमी, म्हणजे ज्याने त्या साम्राज्याचा इजिप्त स्वतःकडे घेतला तो सेनापती. मसागाचं प्रकरण दोघांकडून वाचून मग वेर्गिनाला जा.